संगत धरताना, संगत सोडताना

चांगले मित्र निवडावेत आणि मन खच्ची करणारी नाती सोडून द्यावीत, हा उपदेश आज पुस्तकांच्या दुकानांपासून मोबाईलवरच्या चित्रफितींपर्यंत सर्वत्र मिळतो. परंतु तो देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा असा माणूस असतो, ज्याला घर बदलता येते, नोकरी बदलता येते आणि एखाद्याचा फोन उचलला नाही म्हणून ज्याचे काही अडत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील रेवदंड्यासारख्या गावात हा उपदेश जसाच्या तसा लावून पाहिला, की त्यात काय राहून गेले आहे ते लगेच ध्यानात येते. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर, कुंडलिकेच्या मुखाशी, पोर्तुगीजांनी उभारलेल्या तटबंदीच्या आतबाहेर वसलेल्या या गावात नारळ-पोफळीच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत, मासळीचा बाजार एक, अलिबागला जाणारी एसटी एक आणि खाडी ओलांडून साळावला नेणारा पूलही एकच. ज्याच्या बोलण्याने दिवस नासतो, तोच माणूस येथे शेजारच्या वाडीचा मालक असू शकतो, बहिणीच्या सासरचा नातेवाईक असू शकतो आणि अडचणीच्या वेळी हातउसने पैसे देणाराही तोच असू शकतो.

समाजशास्त्रात अशा संबंधांना बहुपदरी नाती म्हणतात, म्हणजे दोन माणसांना एकाच वेळी शेजार, सोयरीक, व्यवहार आणि देवस्थानाचा कारभार अशा अनेक धाग्यांनी बांधणारी नाती. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने आजच्या झांबियातील बारोत्से लोकांच्या न्यायसभांचा अभ्यास करून १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकाराची मांडणी केली. तेथील न्यायाधीश कोण बरोबर आणि कोण चूक एवढेच ठरवून थांबत नसत. निवाड्यानंतरही दोन्ही पक्षांना एकाच वस्तीत राहायचे आहे हे जाणून ते नाते पुन्हा चालू शकेल अशी तोड काढत, असे त्याचे निरीक्षण होते. कोकणातील ज्या कोणी गावचे तंटे जवळून पाहिले असतील, त्याला यात नवल वाटणार नाही. बहुपदरी नात्याचा एक पदर तोडायला गेले की उरलेले सारे पदर ओढले जातात, म्हणून येथे ‘नाते सोडणे’ याचा अर्थ संबंध संपवणे असा होऊच शकत नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच असतो, की त्या माणसाच्या वाट्याला जाणारा आपला वेळ आणि त्याच्या शब्दाला दिलेले आपले वजन कमी करायचे. मैत्री जोडणे असो वा सोडणे, दोन्ही गोष्टी घोषणेपेक्षा तासांच्या वाटपाने होतात, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे आणि तो समजून घ्यायला रेवदंड्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम, वाईट संगतीचा भार खरोखर किती असतो हे पाहिले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ कॅरन रूक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या, वृद्ध विधवांच्या अभ्यासात असे दिसले, की आधार देणाऱ्या माणसांमुळे मनाला जितके स्वास्थ्य मिळते, त्यापेक्षा त्रास देणाऱ्या माणसांमुळे ते अधिक बिघडते. म्हणजे चार गोड शब्दांची बेरीज एका टोचणाऱ्या शब्दाच्या वजाबाकीला पुरी पडतेच असे नाही. पुढील काळात ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड, बर्ट उचिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दिवसभर अंगावर बाळगता येणारे रक्तदाबमापक लावून, प्रत्येक भेटीगाठीच्या वेळचा रक्तदाब नोंदवला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष अनपेक्षित होता: सर्वाधिक रक्तदाब उघड शत्रूशी बोलताना दिसला नाही, तर ज्यांच्याविषयी प्रेमही आहे आणि धास्तीही आहे अशा माणसांशी बोलताना दिसला. अशा नात्यांना संशोधक द्विधा नाती म्हणतात. शत्रूसमोर माणूस आधीच सावध असतो आणि मित्रासमोर निर्धास्त असतो, परंतु आज हा कौतुक करील की चारचौघांत पाणउतारा करील हे ठाऊक नसलेल्या माणसासमोर शरीर ताटकळत राहते, असे याचे एक स्पष्टीकरण देता येते. लहान गावातील बहुसंख्य अवघड नाती याच जातीची असतात. गावातला पुरा दुष्ट माणूस सगळ्यांना माहीत असतो आणि त्याच्यापासून लोक आपोआप चार हात दूर राहतात. खरा पेच असतो तो लहानपणापासून बरोबर पोहलेल्या, पण आता दर संध्याकाळी ग्लास पुढे करणाऱ्या मित्राचा.

या पेचावर रेवदंड्यात जे उत्तर उभे राहिले, ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. डॉ. नारायण विष्णू ऊर्फ नानासाहेब धर्माधिकारी (१९२२ ते २००८) हे रेवदंड्याचे. त्यांनी १९४३ साली श्रीसमर्थ बैठकीला आरंभ केला. बैठक म्हणजे आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जमून समर्थ रामदासांच्या दासबोधावरील निरूपण, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारे विवेचन, ऐकणे. येथे प्रवेशाचे शुल्क नसते, देणगी घेतली जात नाही. स्त्रिया, पुरुष आणि मुले यांच्या बैठका वेगवेगळ्या भरतात आणि नियमाने येणाऱ्यास श्रीसदस्य म्हटले जाते. नानासाहेबांना २००८ साली मरणोत्तर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार देण्यात आला, त्यांचे पुत्र दत्तात्रेय ऊर्फ आप्पासाहेब धर्माधिकारी यांना २०१७ साली पद्मश्री आणि पुढे २०२२ सालचा ‘महाराष्ट्र भूषण’ मिळाला. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी वस्त्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत ही चळवळ पसरली आणि दारू सुटलेल्या घरांमुळे तिचे नाव विशेष झाले. बैठकीचा आध्यात्मिक आशय ज्याला पटेल त्याने घ्यावा; येथे विचार करायचा आहे तो तिच्या रचनेचा, कारण संगत बदलण्याच्या दृष्टीने ती रचना विलक्षण कसबाची आहे.

संध्याकाळी नाक्यावर बसणाऱ्या माणसाला ‘तेथे जाऊ नकोस’ असे सांगितल्याने त्याच्या दिवसात एक भगदाड पडते, आणि रिकामी संध्याकाळ त्याला पुन्हा त्याच नाक्यावर नेऊन सोडते. बैठक त्या भगदाडात दुसरा वेळ बसवते. न येण्याचे कारण जुन्या सोबत्यांना सांगायचे तर ‘तुमची संगत वाईट’ असे तोंडावर म्हणावे लागत नाही, ‘आज बैठक आहे’ एवढे पुरते. आणि हे कारण असे आहे की गावात कोणी त्यावर उघड आक्षेप घेऊ शकत नाही. ज्याला नकार देताना जीभ अडखळते, त्याच्या हातात संस्थेने एक प्रतिष्ठित सबब ठेवलेली असते. गाव न सोडता, भाऊबंदांशी भांडण न काढता आणि कोणाचा अपमान न करता माणूस एका वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळात सरकतो, आणि तो सरकला हे इतरांच्या लक्षात येईपर्यंत सरकणे बहुधा पुरे झालेले असते.

या बैठकीसाठी दासबोधच निवडला गेला, हेही विचार करण्याजोगे आहे. वीस दशक आणि प्रत्येकी दहा समास अशा रचनेचा हा ग्रंथ परंपरेनुसार महाडजवळच्या शिवथर घळीत लिहिला गेला, म्हणजे तो याच जिल्ह्याच्या डोंगरातला आहे. पहिल्याच दशकात समर्थांनी देव, गुरू आणि संत यांच्या स्तवनाबरोबर श्रोत्यांचे आणि सभेचेही स्वतंत्र स्तवन केले आहे. एकत्र बसून ऐकणाऱ्या माणसांना ग्रंथाच्या दारातच इतका मान देणारी पुस्तके फार नाहीत. दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे येतात आणि ती वाचताना आजच्या वाचकाला जरा थबकावे लागते, कारण जवळच्यांना दूर लोटून परक्यांशी मैत्री करणारा आणि रात्री बसून दुसऱ्यांची उणीदुणी काढणारा, हाही समर्थांच्या लेखी मूर्खच आहे. म्हणजे जवळची माणसे नकोशी झाली म्हणून नवी गाठावीत, हा सरसकट सल्ला त्यांना मान्य झाला नसता. लगेच पुढच्या, उत्तमलक्षणांच्या समासात मात्र तोंडाळाशी भांडू नये, वाचाळाशी वाद घालत बसू नये आणि संतांचा सहवास आतून तुटू देऊ नये, असा उपदेश आहे. हे दोन समास शेजारी ठेवून वाचले तर व्यवहारज्ञानाची एक संपूर्ण पद्धत हाती लागते: घरातल्यांचे कर्तव्य सोडायचे नाही, त्रास देणाऱ्याशी लढाई मांडायची नाही, आणि ज्या सहवासाने मन सावरते त्याची वेळ मात्र चुकवायची नाही. समर्थांनी याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाचीही लक्षणे दिली आहेत, ती मैत्रीवर लेख लिहिणाऱ्यांनी अधूनमधून वाचावीत.

तासांचा हा हिशेब आधुनिक संशोधनातही सापडतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि नव्याने कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ साली असा अंदाज मांडला, की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावे अशा पायरीवर यायला सुमारे ९० तास, आणि जिवलग होण्यासाठी २०० तासांहून अधिक. हे आकडे अमेरिकन जीवनातले असल्याने कोकणाला तंतोतंत लागू करू नयेत. तरी त्यांतील दिशा महत्त्वाची आहे. आठवड्याला दोन तास कोणाबरोबर घालवले तर वर्षभरात शंभर तास होतात, आणि रोज संध्याकाळी दोन तास नाक्यावर घालवले तर तेवढेच शंभर तास दोन महिन्यांच्या आत भरतात. जुनी संगत का सुटत नाही आणि नवी का जुळत नाही, याचे बरेचसे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. हॉल यांना आणखी एक गोष्ट आढळली, ती अशी की नोकरीच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने नाइलाजाने बरोबर काढलेले तास जवळीक फारशी वाढवत नाहीत. स्वतःहून दिलेला मोकळा वेळच कामी येतो. नुसते शेजारी बसून निरूपण ऐकल्याने दोन माणसे मित्र होतीलच असे नाही. श्रीसदस्य वृक्षलागवड, गावोगावची स्वच्छता आणि रक्तदान अशा कामांसाठी जेव्हा एकत्र येतात, तेव्हा घाम गाळताना होणाऱ्या गप्पांतून ती मैत्री बांधली जाते.

परिसर आणि सोबती बदलल्याने सवय किती बदलू शकते, याचा सर्वांत गाजलेला पुरावा युद्धातून आला. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरल्याचे १९७१ च्या सुमारास उघड झाले, तेव्हा हे सारे तरुण व्यसन घेऊनच मायदेशी परततील अशी भीती होती. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकल्याचे दिसले. अमली पदार्थ तोच आणि शरीर तेच होते. बदलली होती ती जागा, रोजची माणसे आणि वेळ काढण्याची रीत. अर्थात रेवदंड्याच्या माणसाला अशी सोय नाही, कारण तो ज्या गावी व्यसनी झाला त्याच गावी त्याला बरे व्हायचे असते. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांनाही हाच प्रश्न भेडसावतो: केंद्रात राहिलेला माणूस सुधारतो, परंतु घरी परतल्यावर त्याच गल्लीत, त्याच मित्रांच्या हाकेच्या अंतरावर त्याला राहायचे असते. म्हणून नंतरचा पाठपुरावा, आधीच सावरलेल्यांच्या सभा आणि कुटुंबीयांशी संवाद यांना उपचाराइतकेच महत्त्व द्यावे लागते. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून जन्मलेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळसुद्धा मुळात नियमित सभेचीच चळवळ आहे. बैठक, पाठपुरावा आणि सभा यांचे तत्त्वज्ञान परस्परांहून अगदी भिन्न असले, तरी तिघांचा सांगाडा एकच आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. संगतीचा परिणाम होतो असे म्हणणे सोपे, पण सिद्ध करणे कठीण. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून २००८ साली असे दाखवले, की माणसे धूम्रपान एकेकटी सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. मित्राने सिगारेट सोडली तर दुसऱ्याच्या ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते आणि जोडीदाराने सोडली तर ६७ टक्क्यांनी. यावर कोस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस या संख्याशास्त्रज्ञांनी २०११ साली मूलभूत शंका उपस्थित केली. समान वृत्तीची माणसे आधीच एकमेकांना निवडत असतील, तर मित्रामुळे सवय सुटली की सवय सुटण्याच्या वाटेवर असलेल्यांनीच एकमेकांना शोधले, हे अशा निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दासबोध ऐकून दारू सुटली, की दारू सोडायचे ठरवलेला माणूसच बैठकीला येऊन बसला, हा प्रश्नही त्याच प्रकारचा आहे. प्रामाणिक उत्तर बहुधा दोहोंच्या मधले आहे: ठरवतो तो माणूस, पण ठरवलेले दहाव्या दिवशी टिकवायला त्याला शेजारी बसणारा कोणीतरी लागतो. एवढा फरक ध्यानात ठेवला तर ‘मित्रांनी बिघडवले’ या नेहमीच्या तक्रारीकडेही जरा संशयाने पाहता येते, कारण मित्र निवडणाराही तोच असतो.

घट्ट वर्तुळाची ताकद किती चिवट असते हे पाहायचे तर रेवदंड्याहून पूल ओलांडून कोर्लईला जावे. १७४० साली चौल-रेवदंड्याचा प्रदेश मराठ्यांच्या हाती गेला आणि पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईच्या लहानशा ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून बनलेली बोली आजही हजाराच्या आसपास लोक बोलतात. धर्माने शेजारच्या हिंदू-मुसलमानांपासून आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समूहांपासून वेगळी पडलेली ही माणसे आपापसांतच बोलत, लग्ने करत राहिली, आणि मागे कोणती राजसत्ता नसताना अडीच शतकांहून अधिक काळ भाषा टिकली. ब्रिटनमधील भाषाशास्त्रज्ञ लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्टच्या कामगार वस्त्यांत हेच सूत्र शोधले होते: जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे बोलण्याची जुनी रीत सहज बदलत नाही. परंतु घट्ट वर्तुळ भाषा जपते तसेच व्यसन, वैर आणि निंदाही जपते. त्याला चांगल्या-वाईटाची पारख नसते, ते फक्त जे आहे ते टिकवते. याचा अर्थ असा की नवी, चांगली म्हणून धरलेली संगतसुद्धा पुरेशी बंद झाली, तिच्या बाहेरचा प्रत्येक माणूस कमी प्रतीचा वाटू लागला, तर तीच दोषाचे मूळ होऊ शकते. ज्या वर्तुळात आल्यापासून माणसाचे जुने सगळेच स्नेही एकाएकी ‘नकारात्मक’ ठरू लागले, त्या वर्तुळाविषयी त्याच्या घरच्यांना वाटणारी काळजी निराधार म्हणता येत नाही.

मग चांगला मित्र ओळखावा कसा? आजची पुस्तके सकारात्मक माणूस म्हणजे हसतमुख, उत्साह देणारा माणूस असे सुचवतात आणि येथेच ती चुकतात. दीघनिकाय या पाली ग्रंथातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्धांनी केलेला उपदेश आहे, आणि त्यात मित्राचा वेष घेतलेले चार शत्रू सांगितले आहेत: फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडपुजेपणा करणारा आणि नासाडीतला सोबती, म्हणजे दारू, जुगार, खेळतमाशे आणि अवेळी भटकणे यांत साथ देणारा. खऱ्या मित्रांच्या चार प्रकारांत उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा आणि अनुकंपा बाळगणारा यांच्या जोडीला हिताचे सांगणारा येतो, जो वाईटापासून अडवतो. या कसोटीने पाहिले तर तोंडावर स्तुती करणारा हसतमुख माणूस शत्रूंच्या यादीत जातो आणि ‘ही होडी एवढ्या कर्जावर घेऊ नकोस’ असे कटू बोलणारा मित्रांच्या. टीका आणि तुच्छता यांत मात्र फरक आहे: टीका कृतीवर असते आणि सहसा एकांतात केली जाते, तुच्छता माणसावर असते आणि तिला प्रेक्षक लागतात.

दुसरी गल्लत याहून अधिक क्रूर आहे. नैराश्याने ग्रासलेला, घरात मृत्यू झालेला किंवा धंद्यात बुडालेला माणूस महिनोन्‌महिने रडगाणे गातो, त्याच्याजवळ बसल्याने मन जड होते हेही खरे, पण तो दुःखी आहे, दुष्ट नाही. २०१० साली होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून दाखवले, की ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम असतात त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक असते. म्हणजे स्वतःच्या मनःशांतीसाठी जो एखाद्या खचलेल्या माणसाला वगळतो, तो त्याच्या आयुष्याच्या आधारालाच हात घालत असतो. याउलट मारहाण, धमक्या किंवा पैशांची लुबाडणूक असलेल्या नात्यात हळूहळू अंतर वाढवण्याचा वर सांगितलेला मार्ग धोकादायक ठरू शकतो; तेथे ताबडतोब सुरक्षित जागी जाणे आणि कायद्याचा आधार घेणे हेच योग्य, आणि घरातील स्त्रीसाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याची आणि न्यायालयीन आदेशांची तरतूद आहे.

संगत सोडण्याविषयी रायगड जिल्ह्यात बोलायचे आणि वाळीत टाकण्याविषयी गप्प बसायचे, हे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावकीचा किंवा जातपंचायतीचा निर्णय मानला नाही म्हणून एखाद्या कुटुंबाशी बोलणे, देवाणघेवाण, लग्नकार्याला जाणे आणि सणात सामील करून घेणे सगळ्यांनी मिळून बंद करायचे, अशा प्रकरणांमुळे हा जिल्हा गेल्या दशकात वारंवार चर्चेत आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालवली, आणि राज्य विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला असून दोषी ठरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. या विषयावरचा जुना कायदा मुंबई प्रांताने १९४९ सालीच केला होता, परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला दिलेल्या आव्हानात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो घटनाबाह्य ठरवला. वरवर पाहता वाळीत टाकणारेही ‘आम्ही या माणसाशी संबंध ठेवत नाही’ एवढेच म्हणतात. मग फरक कोठे आहे? एका माणसाने स्वतःपुरते, स्वतःच्या वेळेपुरते अंतर ठेवणे हा त्याचा अधिकार आहे. ते अंतर दुसऱ्यांवर लादले, चारजणांना गोळा करून ‘तुम्हीही त्याच्याशी बोलू नका’ असे सुरू केले, की त्या क्षणी बहिष्काराची सुरुवात झालेली असते. शहरातल्या कार्यालयात किंवा गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप गटात ‘विषारी माणसाला’ बाहेर काढण्याची मोहीम चालते, तिच्यात आणि गावकीच्या ठरावात तत्त्वतः फार अंतर नसते.

हा फरक पाळणारी एक जुनी चाल कोकणात आहे. दोन घरांचे वर्षानुवर्षे बोलणे बंद असते, पण मयताला दोन्हीकडची माणसे जातात, खांदा देतात आणि परत येऊन पुन्हा बोलत नाहीत. बाहेरच्याला हा ढोंगीपणा वाटतो. ॲरिस्टॉटलला तो वाटला नसता. उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी जुळणारी मैत्री असे तीन प्रकार सांगणाऱ्या या ग्रीक तत्त्वज्ञाने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात मैत्री कधी सोडावी याचाही विचार केला आहे, आणि मित्र सुधारण्यापलीकडे गेला तर त्याला सोडणे वावगे नसले, तरी पूर्वीच्या जवळिकीची आठवण ठेवून त्याला परक्याहून काही अधिक देणे लागते, असे त्याचे मत आहे. हे ‘काही अधिक’ म्हणजे नेमके काय, ते त्याने सांगितलेले नाही. कोकणातील माणसाने ते मयताचा खांदा आणि लग्नाचा आहेर असे ठरवून टाकले आहे.

घोषणा न करता सोडलेल्या नात्याचा आणखी एक फायदा व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवला आहे. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कंपन्यांतील अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या जुन्या परिचितांकडे कामाचा सल्ला मागायला लावले, तेव्हा तो सल्ला बहुतेकांना उपयोगी वाटला. मधल्या काळात त्या परिचिताने वेगळे काही पाहिलेले असते आणि जुना विश्वास पुरता आटलेला नसतो. अशा नात्यांना त्यांनी सुप्त नाती म्हटले. तोडलेले नाते सुप्त राहत नाही, सैल केलेले राहते. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी हे दरवर्षी अनुभवतात: पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या संगतीपासून दूर जाण्यासाठी एकाने मुंबई गाठली, तोच मित्र आता नातवंडांना घेऊन आरतीला उभा असतो, दारू त्यानेही कधीची सोडलेली असते, आणि दोघांत कोणते भांडण झालेलेच नसल्यामुळे मिटवायलाही काही नसते.